धोंडाबाईच्या ओंजळीतलं लाल पाणी

धोंडाबाईच्या ओंजळीतलं पाणी लाल झालं, तेव्हा मारुतीच्या देवळापुढं जमलेल्यांतून कुणी ओरडलंसुद्धा नाही. तिकोणा गडाच्या पायथ्याची आमची सगळी वाडी तिथं होती, म्हणजे सन अठराच्या मानमोडीच्या तापातून जेवढी उरली होती तेवढी. माणसं नुसती बघत होती. रडायचं तेवढं आधीच रडून झालं होतं.

"बघा मंडळी," साथ कुणी आणली ते शोधून देतो म्हणत वाडीत आलेले बुवा म्हणाले, "देवी आई स्वतः बोलली. पिवळं पाणी सोज्वळ माणसाचं, लाल पाणी माणसं खाणारीचं. आमच्या पदरचं काही नाही, आम्ही आपले निमित्तमात्र."

हे निमित्तमात्र गृहस्थ आल्या दिवसापासून वाडीच्या कोंबड्या चापत होते. त्यांची रीत अशी, की प्रत्येकाच्या ओंजळीत मंतरलेले तांदूळ ठेवायचे आणि वरून हळदीचं पाणी सोडायचं. सगळ्यांचं पाणी पिवळं राहिलं, माझंही. मी इथल्या शाळेचा मास्तर. साथीनं शाळा बंद आणि डोकं सदा तापलेलं. लाल झालं ते एकट्या धोंडाबाईचं. तिचा नवरा आणि लेक दोघंही तापात गेलेले, मागं बोलणारं कुणी नाही. असं माणूस बुवांना बरोबर सापडतं.

तिचं भात कापणीला आलं होतं. आमच्याकडं सावड आहे: आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्या घरी हात उरले नाहीत, त्यांचं भात सावडकरी आधी काढतात आणि परतफेड मागत नाहीत. याच माणसांनी साथीत दारोदार पेज पोचवली होती, मढी वाहिली होती. सावडीचे म्होरके महिपती आबा उठले आणि खाली बघत म्हणाले, "उद्या धोंडाबाईच्या खाचरात जायचं व्हतं. आता जायचं न्हाई."

एवढंच. कुणी का म्हणून विचारलं नाही. एकट्या बाईच्यानं सगळं भात निघणार नाही, उभं पीक गळून जाईल आणि पुढं ती उपाशी मरेल, हे प्रत्येकाला कळत होतं. धोंडाबाईलाही.

तिनं ओंजळ रिकामी केली. तांदूळ माझ्या पायाशी पडले. मी एक दाणा उचलून जिभेवर ठेवला. जीभ चुरचुरली. मला पानतंबाखूचं व्यसन आहे, घरी त्यावरून रोज बोलणी खातो. चुना ओळखायला मला कुणा बुवाची गरज नाही.

"आबा, तुमची चंची द्या."

"मास्तर, ही काय पान खायची येळ हाय?"

"द्या तर खरं."

डबीतला चुना मी माझ्या तळहाताला फासला आणि बुवांच्याच तांब्यातलं पाणी ओतलं. लाल झालं. मग आबांच्या हातावर, मग शेजारी उभ्या हौशीरामच्या. तिथंही लाल. बुवांचा हात मागितला, तर त्यांना एकाएकी संध्या आठवली. मीच त्यांच्या उपरण्याच्या दोन गाठी सोडल्या. एकीत साधे तांदूळ, दुसरीत चुन्यात घोळवलेले.

"हळदीला चुना लागला की ती लाल होते," मी म्हणालो. "आता सांगा, आम्ही सगळेच माणसं खाणारे का?"

मला वाटलं, आता बुवांची पाठ मऊ होणार. कुणी हललं नाही. बुवा तांब्या तिथंच टाकून पायवाटेनं निघून गेले.

मग हौशीराम बोलला. त्याची बायको गेली होती, पाठचा भाऊही. "हळद-चुना आमाला ठावं न्हाई व्हय, मास्तर? पर कुनीतरी केलंच आसंल की. येवढी मानसं काय उगंच मेली म्हनायची?"

माझा राग तिथंच बसला. "होय, हौशीराम, उगाचच मेली. ताप मुंबईहून आगगाडीनं लोणावळ्यात आला आणि बाजारच्या माणसांबरोबर इथवर पोचला. एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याला लागला. कुणी करणी केली नाही."

"माजीबी दोन गेली, हौशीरामभाऊ," धोंडाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "मी कुनाला धरू?"

हौशीरामनं मान खाली घातली. आबा म्हणाले, "उद्या समद्यांनी इळे घिऊन या. धोंडाबाईच्या खाचरात."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. माफी कुणी मागितली नाही. हौशीराम तिच्या शेजारीच कापत होता. संध्याकाळी भात खळ्यावर होतं.

साथीनं आमची माणसं नेली, त्याला इलाज नव्हता. उरलेल्यांतलं एक मात्र आम्ही स्वतः मारायला निघालो होतो, तेही देवाच्या दारात आणि शुद्धीवर असताना. दुःखात माणसाला कुणीतरी दोषी हवा असतो, हे मला कळतं. तरी पुरावा मागा. एखाद्या बाईकडं कुणी बोट दाखवलं, तर त्या बोटाला काय लागलंय ते आधी बघा.