धानात ठेवलेलं मोहाचं लाकूड

आमच्या ह्यांना दुसऱ्यानं सांगितलेलं काही पटत नाही. स्वतःचा हात पोळला की मगच विस्तव गरम असतो, अशा मताचे आहेत. नाव उमेंद्र. देवरीत हायवेच्या कडेला आमचं खरादाचं दुकान आहे. मशीनवर लाकूड गरगर फिरतं आणि हे त्याला पटाशी लावून गोल करतात. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, असलं सगळं. हात चांगला आहे त्यांचा, ते मी तोंडावर कधी म्हणत नाही एवढंच.

तर एका उन्हाळ्यात ह्यांनी मोबाईलवर कुणाला तरी लाकूड आणि रेझिनचा वाडगा करताना पाहिलं. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतला चिकट रस. दोन्ही एकत्र ढवळून लाकडाच्या भेगेत ओतायचा, तो काचेसारखा घट्ट झाला की लाकडासकट मशीनवर चढवायचा. मोबाईलमधल्या वाडग्याच्या पोटातून निळी नदी वाहत होती. झालं! ह्यांच्या डोक्यात ती नदी शिरली ती शिरलीच.

पहिल्या वाडग्यात रेझिनचा साबुदाणा झाला, नुसते बुडबुडे. दुसरा शेवटपर्यंत सुकला नाही. आमची मांजर त्याला चाटून गेली, तिचे केस अजून चिकटलेले आहेत. तिसऱ्याच्या वेळी रस ओतल्यावर डब्यातून धूर निघाला आणि आतून आरपार तडा गेला. मी काही फेकलं नाही. एकात कपड्यांचे चिमटे ठेवले, एकात लसूण. तडा गेलेला कोंबडीच्या पिलांना पाणी पाजायला घेतला, तर तो गळायला लागला.

"अजी, हा तर कोंबडीच्याही कामाचा नाही," मी म्हटलं.

"शिकून राहिलो ना मी," हे म्हणाले. एक बिघडला की लगेच दुसरा ओतायला घ्यायचा, हेच त्यांचं शिकणं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण दसऱ्याच्या सुमाराला दुर्पताबाई दुकानात आली आणि माझं हसणं बंद झालं.

दुर्पताबाई जंगलाकडच्या गावातली. बाजाराच्या दिवशी मोहफुलं, चिंच, चारोळी घेऊन येते आणि उन्हाच्या वेळी आमच्या सावलीला बसते. नवरा बिसराम जाऊन बरीच वर्षं झाली. एकटीनं मुलगी वाढवली, दिव्या. त्या दिवशी तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि त्यातून मोहाच्या लाकडाची एक गाठ काढली. मोठ्या भोपळ्याएवढी, वाकडीतिकडी, मध्ये भेग पडलेली.

"बाबू, ह्याचा एक कटोरा करून देशीन का?" ती म्हणाली. "दिव्याचं लगन हाये चैतात. तिच्यासंगं सासरी धाडीन."

मग तिनं सांगितलं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर त्यांचं मोहाचं झाड होतं. तिकडे प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं, ज्याचं झाड त्यानंच फुलं वेचायची. दिव्या त्या झाडाखालीच रांगली, तिथंच चालायला शिकली. पावसाच्या आधीच्या वावटळीत ते झाड पडलं. बुंधा दिरांनी वाटून नेला, फांद्या चुलीत गेल्या. ही गाठ तेवढी बाईनं खाटेखाली लपवून ठेवली होती.

"मांडवाले मोहाची डांग लागते आमच्यात, ते कोठूनबी आणता येते," ती म्हणाली. "पण आमच्या झाडाचं आता एवढंच हाये. दुसरं काई नाई."

मी मागून ह्यांचा सदरा ओढत होते. नाही म्हणा, नाही म्हणा. हे म्हणाले, "करून देतो, मावशी. शब्द हाये माहा."

ती गेल्यावर मी तोंड सोडलं. आजवर एक वाडगा धड झाला नाही आणि माणसाच्या घरातली शेवटची वस्तू घेऊन ठेवता? हे शांतपणे म्हणाले, "बुडबुडे काऊन आले ते समजलं मले. लाकूड ओलं होतं. ह्या खेपेला आधी वाळवतो."

कसं वाळवणार, ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथंच डोकं आपटून घेतलं असतं.

त्याचं असं झालं होतं, की आदल्या रोवणीत, धानाची रोपं लावताना, ह्यांचा मोबाईल बांधीतल्या चिखलात पडला होता. तो मी पुसून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि दोन दिवसांनी चालू झाला. तेव्हापासून तांदूळ ओल ओढतो यावर ह्यांची देवावर नसेल एवढी श्रद्धा. आणि गोंदियाच्या माणसाच्या घरी कार्तिकात कशाची कमी नसेल तर ती धानाची. कापणी झाली, चुरणं झालं, घरात नवं धान आलं. ह्यांनी पत्र्याच्या कोठीत मधोमध ती गाठ ठेवली, वरून धान ओतलं आणि झाकण घट्ट लावून टाकलं.

आता तांदूळ वेगळा आणि नवं धान वेगळं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यातून त्या वर्षी ऐन कापणीत पाऊस पडलेला. ते धानच ओलं होतं, ते लाकडाची ओल कुठून ओढणार?

बऱ्याच दिवसांनी मला कोठीच्या बाजूनं आंबूस वास आला. उंदीर मेला असेल म्हणून झाकण उघडलं तर आतून गरम वाफ तोंडावर आली. हात घातला तर धान कोमट. आणखी खाली हात घातला आणि वर आलं ते लाकूड होतं. त्याला चहूबाजूंनी कोंब फुटले होते. काळी बुरशी, त्यावर पांढऱ्या मुळ्यांची दाढी आणि वर फिकट पिवळे कोंब. लाकडावर धानाचा पऱ्हा, रोपांचा वाफाच, उगवला होता.

"या, या," मी हाक मारली. "रोवणीले या. मोहावर धान आलं तुमचं."

हे आले, पाहिलं आणि बोटांनी एकेक कोंब उपटायला लागले. कोठीभर धान नासलं होतं, पण त्याबद्दल मला तेव्हा बोलवलं नाही. दुर्पताबाईचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

तरी शहाणपण कुठलं यायला! गाठ घासूनपुसून चार उन्हं दाखवली. वरून खडखडीत झाली, म्हणजे वाळली असं ठरवलं. भेगेत रेझिन ओतलं, ते डाळीसारखं फसफसलं. हे म्हणाले, डिझाईन आली. मग घट्ट झाल्यावर मशीनवर चढवली.

मी चहा घेऊन निघाले होते. बंदुकीसारखा आवाज झाला. कप तिथंच टाकून धावले तर दुकानात भुसा उडालेला, छताच्या पत्र्याला भोक पडून त्यातून ऊन आत आलेलं, आणि हे पटाशी हातात धरून जिथल्या तिथं उभे. मशीनवर गाठ नव्हती. तिचे तुकडे दुकानभर पडले होते. ह्यांना ओरखडासुद्धा नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि भुशातच बसून घेतलं. एवढं रोज भांडते मी त्यांच्याशी, पण त्या घडीला आधी देवाला हात जोडले.

त्या दिवसापासून मशीनवर ताडपत्री पडली. दुर्पताबाई बाजारालाही दिसेना, आणि तिचा फोन आला की हे मोबाईलकडे असे पाहायचे जसा त्यातून विंचू निघणार आहे. उचलायचे नाहीत, मलाही उचलू द्यायचे नाहीत. "काय सांगू मी तिले?" एवढंच म्हणायचे. जेवण कमी झालं. माणूस खुळावतो की काय अशी भीती मला वाटायला लागली. बोलून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, काही उपयोग नाही.

शेवटी एका दुपारी मी चिमट्यांचा वाडगा, लसणाचा वाडगा आणि कोंबडीचा वाडगा, सगळे रिकामे करून ह्यांच्यापुढे आपटले.

"एवढे फोडले, नासवले. आता एकदा कापून तरी पाहा काऊन नासले ते! का तेही मोबाईलवालाच येऊन सांगन?"

माझ्यावर चिडूनच त्यांनी करवत उचलली. पहिला वाडगा उभा कापला आणि कापता कापता हात थांबला. बुडबुडे सगळीकडे नव्हते. लाकडाच्या कडेला दाटी होती, मधे रस स्वच्छ होता. म्हणजे हवा लाकडातूनच येत होती. आधी रसाचा पातळ हात मारून लाकडाची भोकं बुजवायला हवी होती. मग दुसरा कापला. तो मधे दगडासारखा आणि कडेला चिकट, म्हणजे भांड्याच्या कडेचा रस नीट ढवळलाच गेला नव्हता. तडा गेलेल्यात तडा सुरू झाला होता तो सगळ्यात जाड जागी. एकदम एवढा ओतला, आतल्या आत तापला आणि फुटला. हे एकेक तुकडा उन्हाला धरून पाहत होते आणि स्वतःशीच बोलत होते. संध्याकाळी पोटभर जेवले. मला तेवढंच पुरे होतं.

मग मोहाचे तुकडे निघाले. बुरशीचा भाग काढून टाकला, तरी चांगलं लाकूड बरंच उरलं. या वेळी धान नाही, ऊन नाही. दुकानात सावलीला, वारा लागेल असे जाळीवर मांडून ठेवले. आणि दर बाजाराच्या दिवशी हे तुकड्यांची पिशवी घेऊन केवलरामच्या किराणा दुकानात जायचे. त्याच्या काट्यावर वजन करायचे. वजन उतरत होतं तोवर आत ओल होती.

"आज मोहाचा भाव काय, उमेंद्रभाऊ?" केवलराम गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. "घेऊन राहिले का विकून राहिले?"

हे हसायचे. पूर्वी असं कुणी बोललं असतं तर काटा उलटा करून आले असते.

वजन उतरायचं थांबलं तेव्हा तुकडे एकमेकांशी जुळवून डब्यात बसवले. आधी पातळ हात, मग थोडा थोडा रस, एक थर बसला की दुसरा. निळ्या रंगाची पुडी मी लपवून ठेवली होती, पण ह्यांनी मागितलीच नाही. नुसता किंचित पिवळा रंग टाकला, वाळल्या मोहफुलासारखा. मशीन सुरू केलं तेव्हा मी दारात कानांवर हात ठेवून उभी होते. आवाज झाला नाही. लाकडाची सालपटं निघत राहिली आणि त्यातून वाडगा बाहेर आला. तांबूस लाकूड, मधूनमधून पिवळ्या शिरा. मी हात फिरवला. कुठं चिकट नाही, कुठं फट नाही.

"छान झाला," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं असेन.

पण ह्यांचं तोंड उतरलेलंच. "तिनं साबूत लाकूड देल्लं होतं. हे तं जोडलेलं हाये. रागावली तं?"

"रागावली तं ऐकून घेऊ. चला, बसा गाडीवर."

वाडगा दुपट्ट्यात बांधून निघालो. जंगलाच्या रस्त्यानं हे वाटभर बाईला काय सांगायचं ते पुटपुटत होते. दुर्पताबाईच्या अंगणात दिव्या भिंत सारवत होती, बाई सुपात काहीतरी पाखडत होती. आम्हाला पाहिलं आणि सूप तिच्या हातून सुटलं.

हे गाडीवरून उतरून तसेच उभे राहिले, मान खाली. पाठ केलेलं बोलायला लागले. "मावशी, माही गलती झाली. तुमचं लाकूड मशीनवर फुटलं. धानात ठेवलं होतं मी ते..." बोलता बोलता दुपट्टा सोडत होते.

बाईनं वाडग्याकडे पाहिलंच नाही. पुढं आली आणि ह्यांचं उजवं मनगट धरलं. पंजा उलटा केला, सुलटा केला. मग डावा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट दाबून पाहिलं, बाळंतिणीच्या खोलीत पोर हातात घेतल्यावर पाहतात तसं.

"दिव्या," ती ओरडली, "अवो दिव्या, हात हायेत ह्याचे! दोनी हायेत!"

मग दिव्यानं सांगितलं. बाजारात कुणीतरी म्हणालं होतं, उमेंद्रच्या मशीनवर लाकूड फुटलं, पत्रा फाटला. गावात पोचेपर्यंत त्याचं उमेंद्रचा हात गेला असं झालं होतं. बाईनं फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. मग तिची खात्रीच पटली.

"एक डाव देवरीपर्यंत आली होती मी," दुर्पताबाई माझ्याकडे पाहून म्हणाली. "तुह्या दुकानाच्या समोर उभी राहिली. ताडपत्री दिसली मशीनवर. मंग पायच उचलला नाई. माह्या लाकडापायी तुह्या माणसाचा हात गेला, कोणतं तोंड दाखवू तुले? लगनाचं सामान आणाले गेली होती, तशीच रिकामी परत आली."

म्हणजे आम्ही इकडे तिच्या रागाला भिऊन फोन उचलत नव्हतो आणि ती तिकडे रोज माझ्या घरासाठी रडत होती. मी पदर तोंडाला लावला आणि खुशाल रडले.

"मावशी, कटोरा तं पाहा," हे कसंबसं म्हणाले. "तुकडे जोडून केला. आवडला नाई तं..."

"कोणं केला?"

"मीनंच."

"ह्याच हातानं?"

"ह्याच."

बाईनं वाडगा घेतला, न पाहताच दिव्याच्या हातात दिला आणि परत ह्यांचे दोन्ही हात धरून बसली. दिव्या वाडगा उन्हाला धरून हसत होती, त्या पिवळ्या शिरांतून तिच्या तोंडावर उजेड पडला होता. आणि आमचे हे, एवढे मोठे गडी, लहान पोरासारखे लाजून उभे.

"मावशी, सोडा ना आता," हे म्हणाले.

"गप रे," ती म्हणाली. "मोजून राहिली मी."