बोट वर करा

"खोटं बोलू नकोस. मी आवाज सोडलाच नाही, तर बोट कशाला वर केलंस?"

भिंतीकडे तोंड करून बसलेली सहा वर्षांची पोर गर्रकन वळली. डोक्यापेक्षा मोठे हेडफोन सांभाळत रडवेली होऊन म्हणाली, "पण येतोय ना! चिर्र, चिर्र येतोय!"

"बाईंना त्रास देतेस?" दारातून आईने दम भरला. "घरी चल, मग बघते तुझ्याकडे."

बाईंनी कागदावर लिहिलं, 'मूल सहकार्य करत नाही. सहा महिन्यांनी आणावे.' शाळेने हाच कागद मागितला होता. पोर बहिरी आहे की मठ्ठ, एवढंच शाळेला हवं होतं. म्हणजे आणखी सहा महिने ती मठ्ठच.

सव्वीस वर्षं बाई या दवाखान्यात लोकांचे कान तपासत होत्या. 'आवाज आला की बोट वर करा' हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की सगळे त्यांना बोटवाल्या बाईच म्हणत. काम सोपं. छोट्या लॅपटॉपवरून बारीक-मोठे आवाज सोडायचे, पडद्यावर हिरवा ठिपका लागला की समोरच्याचं बोट पाहायचं. त्याला स्वतःचे कान लागतच नाहीत.

आणि ते बरंच होतं. कारण बाईंचे कान गेले होते. आधी डावा, मग वर्षभरापूर्वी उजवाही. ओठ वाचून त्या निभावून नेत. घरी नवरा म्हणे, "टीव्ही जरा कमी कर. बातम्या आपल्याला पुरेत, गल्लीला कशाला?" तेही त्यांनी कानामागे टाकलं होतं.

मायलेकी गेल्या आणि संगणकवाला आत आला. पोट सुटलेला, बडबड्या माणूस. नवी सिस्टिम टाकायची झाली तर म्हणून सकाळीच त्याने लॅपटॉपमधलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं.

"मग काय ठरलं, बाई? डॉक्टरबाई म्हणाल्या, मशीन तुम्ही वापरता, तुम्हालाच विचारायचं. अहो, ही जुनी सिस्टिम सगळ्यात स्वस्तातली, बेसिकसुद्धा नाही, बेसिकचं शेंडेफळ आहे! मागचं चित्रदेखील बदलता येत नाही हिला. सव्वीस वर्षं राबलात, निदान एक फूल तरी लावा पडद्यावर."

बाई निळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. फुलाचं त्यांना काय! तपासणीचा नवा प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवरच चालणार होता, आणि तो रोज सकाळी आधी तपासणाऱ्यालाच ऐकवणार होता. प्रत्येक आवाज ऐकून कळ दाबली तरच पुढे जायचं. जुनाही विचारायचा, 'हेडफोन ऐकून पाहिले का?' पण तो भोळा. चौकटीत खूण केली की गप्प बसायचा. बाई वर्षभर रोज ती खोटी खूण करत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "जुनंच बरं आहे. चाललंय ना!"

"तुमची मर्जी." त्याने खांदे उडवले, सहज हेडफोन उचलून कानाला लावले आणि वायर हलवली. "अहो, हे काय? चिर्रर्र करतंय की! वायर तुटत आलीय. एवढं करकरतंय आणि तुम्हाला ऐकू आलं नाही? बहिऱ्या झालात की काय?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पाहून त्याचंही हसू विरलं.

"कधीपासून आहे हे?" त्याने हळूच विचारलं.

बाईंना ते सांगता येईना. आज? महिनाभर? किती जणांनी त्या करकरीला बोट वर केलं असेल, किती जणांना आपण खोटं ठरवलं असेल? एका खुणेने नोकरी वाचत होती. भोगत दुसरेच होते.

त्या उठून धावल्या. मायलेकी औषधाच्या खिडकीशी भेटल्या.

"तो कागद द्या इकडे."

"का हो, बाई? हिने पुन्हा काही केलं का?"

"तिने काही केलं नाही. पोर खरं सांगत होती, खोटी मी." बाईंनी कागद टराटरा फाडला. "उद्या आणा हिला. नव्या वायरीवर तपासू. मी नसले तरी जे कोणी असेल ते तपासेल."

"तुम्ही का नसाल?" आईने विचारलं. पण तोवर बाई वळल्या होत्या. त्यांना ते ऐकू आलं नाही.

खोलीत येऊन त्या म्हणाल्या, "टाका नवी सिस्टिम."

दुपारपर्यंत सगळं बसलं. नवी वायरही लागली. पडद्यावर कसलंसं डोंगराचं चित्र आलं आणि प्रोग्रॅमने पहिलाच प्रश्न तपासणाऱ्याला केला.

"मी बसू का तुमच्याऐवजी?" संगणकवाल्याने विचारलं. आता त्याला सगळं कळलं होतं. "आजचा दिवस निघून जाईल. मी कुणाला बोलणार नाही."

"नाही. तुम्ही माझ्या खुर्चीत बसा, आणि मी बोट वर केलं तरच कळ दाबा. उगाच दाबू नका. जे येईल ते डॉक्टरबाईंना दाखवा."

बाई पेशंटच्या खुर्चीत बसल्या. हेडफोन लावले. तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून लोक अंदाजाने बोट वर करतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"सुरू करू?" तो मागून म्हणाला. थोडा वेळ थांबला, मग उठून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी मान हलवली.

हिरवा ठिपका लागला, विझला. पुन्हा लागला. संगणकवाला कळीवर बोट ठेवून बघत होता. बाई ताठ बसल्या होत्या, आणि त्यांचं बोट अजून गुडघ्यावरच तयार होतं.