कॉम्पवरची पिवळी रेघ

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास मी कामाच्या टेबलावरची फळी आवरत होतो, तेव्हा गोंदाची बाटली हाताला लागली. नवी बाटली. मी सहज तिचं झाकण पाहिलं. सील शाबूत होतं.

मी स्टुलावर बसलो.

तो गोंद मी एकाच कामाला वापरतो. शर्यतीच्या पिस्तुलाच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी कॉम्पेन्सेटर बसवतात, आम्ही त्याला नुसतं कॉम्प म्हणतो. अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा, वरून भोकं पाडलेला. गोळीमागचा वायू त्या भोकांतून वर उसळतो, त्याने पिस्तुलाचं तोंड खाली राहतं आणि दुसरी गोळी लगेच झाडता येते. पण दर गोळीला तो हादरतो आणि तापतो. आट्यांत गोंद नसेल तर हळूहळू सैल होतो, नळीच्या रेषेतून हलतो. मग एखादी गोळी बाहेर पडताना त्याच्या भिंतीला घासते. प्रेस्कॉट गावच्या एका माणसाच्या हातात असं झालेलं मी पाहिलं आहे. त्याची दोन बोटं गेली. डोळ्याचं काय झालं ते मी लिहीत नाही.

मंगळवारी मी जोलीनच्या पिस्तुलाला नवा कॉम्प बसवला होता. जोलीन म्हणजे माझा दोस्त बक ट्रुएट, त्याची मुलगी. बक गेला त्याला सहा वर्षं झाली. ती घोड्यांना नाल ठोकायचं काम करते आणि उरलेल्या वेळात पिस्तूल चालवते. आज राज्याची स्पर्धा होती आणि ती त्याच पिस्तुलाने खेळणार होती.

मी आठवू लागलो. आटे स्पिरिटने पुसले, आठवत होतं. कॉम्प आधी कोरडाच चढवून भोक सरळ येतंय का पाहिलं, तेही आठवत होतं. पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, स्लाइडवर, नेम धरायची लाल ठिपक्याची काच पुन्हा बसवली, तिचे दोन स्क्रू घट्ट केले. आणि पिवळी रेघ ओढली. गोंद लावल्याचं मात्र काही केल्या आठवेना. जुन्या बाटलीत तेवढा उरला होता की नाही, तेही आठवेना.

ती रेघ म्हणजे कॉम्पवरून खाली नळीपर्यंत ओढलेला रंगाचा बारीक फरकाटा. कॉम्प केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. माझ्याकडे तिला आणखी एक अर्थ आहे. चाळिशीपर्यंत मला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा कोणतं काम पुरं झालं ते मी रंगानेच खुणावत असे. रेघ गोंदानंतर ओढायची, आधी कधीच नाही. पण मंगळवारी कोरडा कॉम्प सरळ बसला म्हणून खुशीत तेव्हाच ओढली असेल तर?

"वेंडेल, बिस्किटं गार होतायत!" स्वयंपाकघरातून माझ्या बायकोने, अर्लीनने हाक मारली.

"अर्लीन, गोंदाची जुनी बाटली पाहिलीस का कुठे? रिकामी?"

"तुझ्या शेडमधल्या बाटल्या मी मोजते का? कचरा काल गेला."

मी जोलीनला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मैदानावर सगळ्यांच्या कानांवर मफ असतात आणि फोन गाडीत पडलेले असतात, हे मला माहीत होतं. तरी पाच वेळा लावला.

"अग, ती हात गमावेल," मी म्हणालो आणि किल्ल्या शोधू लागलो.

"ॲप्रन तरी काढ!" अर्लीन मागून ओरडली. मी काढला नाही.

पंचावन्न मैल. डोंगरातला रस्ता, पुढे गवताच्या गाठोड्यांचा एक ट्रक, आणि ओलांडायला जागा नाही. मी हिशेब करत होतो. काल संध्याकाळी तिने काच जुळवायला पन्नास गोळ्या झाडल्या असणार. पन्नास टिकला म्हणजे दोनशे टिकेल असं नाही. पहिले दोन डाव झाले असतील, साठ गोळ्या. तिसरा लांब असतो. नळी तापली की आट्यांची पकड जाते. ट्रकवाला हात बाहेर काढून सिगारेटची राख झाडत होता आणि मला ते असह्य होत होतं.

मैदानाच्या फाटकावर एक बाई खुर्ची टाकून बसली होती. "चष्मा आणि मफ घातल्याशिवाय आत नाही. पोप आला तरी नाही."

"जोलीन ट्रुएट कुठल्या मैदानात आहे?"

"चार नंबर. चष्मा!"

तिने दिलेला चष्मा आणि मफ चढवत मी पळालो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याला पळणं म्हणावं की नाही, ठाऊक नाही. मातीच्या बंधाऱ्याला वळसा घातला तेव्हा जोलीन रेषेवर उभी होती. पिस्तूल भरून म्यानात, हात बाजूला. तिच्या मागे हॉयट, हातात घड्याळ घेऊन. हॉयट तिथला पंच. तो म्हणत होता, "तयार?"

"थांबा!" मी ओरडलो. "थांबा! थांबा!"

हा शब्द तिथे कोणीही उच्चारला तरी सगळं थांबतं. जोलीनचे हात होते तिथेच थिजले. हॉयट वळला.

"वेंडेल प्रुइट! ॲप्रन घालून आलायस. भांडी घासायला का?"

"हॉयट, तिला झाडू देऊ नकोस. कॉम्पमध्ये गोंद नसेल."

त्याचं हसू मावळलं. त्याने जोलीनकडून पिस्तूल रिकामं करून घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि म्यानात ठेवायला लावलं. मी पुढे होऊन म्हणालो, "दाखव बघू इकडे."

"हात मागे, म्हाताऱ्या!" हॉयट गरजला. "इथे काढलंस तर ती आत्ताच बाद. टेबलावर चला."

हा नियम मी स्वतः बकला शिकवला होता. पिस्तूल काढायचं ते फक्त त्या एका टेबलावर, आणि तिथे गोळीला हात लावायचा नाही.

टेबलाकडे जाताना जोलीन दबक्या आवाजात म्हणाली, "अंकल वेंडेल, मी दुसरी आहे. पहिल्या दोघींना नॅशनल्सची जागा मिळते. काय झालंय नीट सांगा."

मी बाटलीचं सांगितलं. तिने पिस्तूल काढून माझ्यासमोर ठेवलं. नळी अजून कोमट होती.

"रेघ अखंड आहे," ती म्हणाली. "बघा ना. कुठे तुटलीय?"

"अखंड आहे म्हणजे अजून फिरला नाही, एवढंच."

मी हाताने फिरवून पाहिला. हलला नाही. पण कोरडाही तो हाताला घट्टच लागतो.

"मग कळणार कसं?"

"पान्याने."

हॉयट म्हणाला, "आणि गोंद असला तर? पाना लावून मोडशील. मग नवा गोंद आजच्या दिवसात सुकत नाही, मला माहितीय."

"हलक्या हाताने लावतो."

जोलीनने माझ्याकडे पाहिलं. तिचे हात नाल ठोकून रापलेले, डाव्या अंगठ्याचं नख काळं. ते हात मी ती पाळण्यात होती तेव्हापासून पाहत आलो आहे.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी ऐकेन."

ॲप्रनच्या खिशात पाना होता. मी पिस्तूल फडक्यात धरलं, पाना लावला, हलकेच दाबला. हलला नाही. मला तिथेच थांबायला हवं होतं. एवढ्या दाबाला कोरडा कॉम्प सुटला असता, हे हाताला कळत होतं. पण डोक्यात प्रेस्कॉटचा तो माणूस उभा होता आणि मी आणखी थोडा जोर लावला.

टक् असा आवाज आला. काचेचा तुकडा मोडावा तसा.

कॉम्प फिरला. मी तो आट्यांवरून उतरवला आणि उजेडात धरला. आट्यांच्या खाचांत पांढरा थर होता, चुन्यासारखा, मोडून भुकटी झालेला. गोंद होता. भरपूर आणि नीट लावलेला, माझ्या पद्धतीने, तीन आट्यांत.

हॉयटने टोपी काढून पुन्हा घातली.

"तुम्ही लावला होता," जोलीन म्हणाली.

"हो."

"आठवत नाही?"

"नाही."

ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं पिस्तूल पिशवीत घातलं आणि हॉयटला विचारलं, "ट्रकमध्ये बाबांचं जुनं आहे. कॉम्प नाही, काच नाही. चालेल?"

"चालेल," हॉयट म्हणाला. "पण तोंड उसळेल, पोरी. सहा आठवडे तू लाल ठिपक्यावर नजर बसवलीयस."

"उसळू दे."

राहिलेले सहा डाव ती बकच्या पिस्तुलाने खेळली. मी बंधाऱ्यावर बसून राहिलो. प्रत्येक गोळीला तिचं मनगट वर जायचं, ते खाली येईपर्यंत बाकीच्या बायका पुढचं निशाण घेऊन मोकळ्या व्हायच्या. ती अकरावी आली. संध्याकाळी तिने मला डबल बर्गर खाऊ घातला आणि पैसे देऊ दिले नाहीत. "बाबा असते तर ॲप्रनवरून तुम्हाला जन्मभर छळलं असतं," एवढंच म्हणाली.

घरी येऊन मी शेडचा कोपरान् कोपरा धुंडाळला. जुनी बाटली सापडली नाही. मंगळवारी दुपारची ती दहा मिनिटं माझ्या हातांना माहीत होती, मला नव्हती, आणि अजूनही नाहीत. अर्लीन म्हणाली, डॉक्टरांना दाखव. दाखवीन म्हणालो.

सोमवारी जोलीन पिस्तूल घेऊन आली. मी तिला म्हणालो, दुसरा कारागीर बघ, फ्लॅगस्टाफला एक चांगला आहे. ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"करा काम. मी बघते."

मी आटे साफ केले. नव्या बाटलीचं सील तिच्या देखत तोडलं. गोंद लावला, कॉम्प चढवला, भोक सरळ आणलं. मग पिवळ्या रंगाची पेन्सिल तिच्यापुढे धरली.

तिने लगेच रेघ ओढली नाही. आधी पिस्तूल दिव्याखाली नेलं, वाकून आट्यांच्या कडेला गोंदाची ओल दिसते का ते पाहिलं, बोटाने चाचपलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. तरी तेवढा वेळ मला माझ्याच टेबलाशी कुठे बघावं ते कळेना.

"आहे," ती म्हणाली आणि रेघ ओढली.