पानाबाईंचं इंग्रजी

पानाबाईंचा अर्ज साहेबांनी परत पाठवला, तेव्हा त्यावर लाल शाईत एकच ओळ होती: इंग्रजी संभाषण आवश्यक. बाई बावीस वर्षं पॅकिंग खात्यात होत्या. एप्रनच्या खिशात कायम पाना, म्हणून हे नाव. जुनं मशीन त्यांच्या हाताला इतकं सरावलं होतं की दुसऱ्या कुणी चालू केलं तर रुसून बसायचं. आता परदेशातून नवं मशीन आलं होतं, पिठाची पाकिटं भरून आपोआप चिकटवणारं. त्याची प्रमुख आपणच व्हावं असं बाईंना मनापासून वाटत होतं आणि हे त्या कुणापासून लपवतही नव्हत्या.

मशीनबरोबर एक उंच, लाजाळू इंजिनिअर आला होता. सगळे त्याला पाहुणा म्हणत. इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हती. प्रत्येक शब्द तो तोंडात चांगला घोळवून मगच बाहेर सोडायचा. साहेब मात्र बाहेर शिकून आलेले, त्यांचं इंग्रजी नळाला पाणी आल्यासारखं धो धो. तेव्हा बोलणी साहेबांनीच करायची, हे ओघानंच आलं.

तीन दिवस बोलणी झाली आणि तीन दिवस पाकिटं फुटली. पीठ जमिनीवर, पीठ साहेबांच्या बुटांवर, पीठ पाहुण्याच्या भुवयांवर. साहेब बोलले की पाहुणा "येस, येस" म्हणे. पाहुणा बोलला की साहेब "ऑफ कोर्स" म्हणत. बाई पीठ झाडता झाडता दोघांची तोंडं बघत होत्या. त्यांनी घरी दोन मुलांचा अभ्यास घेतला होता. न समजता डोलणारी मान त्या बरोबर ओळखत. या दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं म्हणायची दोघांनाही लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्याचं विमान होतं. सकाळी साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, तशा बाई पुढे सरसावल्या. त्यांना इंग्रजीची लाज नव्हती, कारण लाजावं इतकं इंग्रजीच त्यांच्यापाशी नव्हतं.

"सर, टेल मी."

पाहुण्यानं एक लांबलचक वाक्य सांगितलं.

"नो अंडरस्टँड," बाई म्हणाल्या. "अगेन. स्लो."

पाहुणा दचकला आणि मग त्याचा चेहरा असा खुलला की बाईंनाच हसू आलं. त्यानं वाक्याचे तुकडे केले. "हीट. वेट टेन मिनिट. देन रन."

खात्यात एक रीत होती: सांगितलेलं काम आधी आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचं, मग मशीनला हात लावायचा. बाईंनी ते सगळं म्हणून दाखवलं. पाहुण्यानं जोरात मान हलवली. मग त्यांनी त्याच्या हातात प्लॅस्टिकचे दोन तुकडे ठेवले, एक मशीनबरोबर आलेल्या नमुन्याच्या पाकिटाचा, एक कारखान्यातल्या पाकिटाचा.

"युवर, थिन. अवर, थिक."

पाहुण्यानं दोन्ही चाचपले आणि कपाळावर हात मारून घेतला. "व्हाय नोबडी से?"

साहेबांनी तीन दिवस दुसरं काय सांगितलं होतं! आता पाहुण्यानंच रीत उचलली: "मोअर हीट. लेस स्पीड. येस, मॅडम?"

"येस!"

दहा मिनिटांनी पहिलं पाकीट बाहेर पडलं. बाईंनी ते जमिनीवर ठेवलं आणि चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या. बाईंचं वजन काही कमी नव्हतं. पाकीट फुटलं नाही. दुसरं नाही, शंभरावं नाही. खात्यातल्या बायकांनी ट्रे बडवून छप्पर डोक्यावर घेतलं.

तो गोंगाट ऐकून मालक आले, मागोमाग साहेब. मालकांच्या हातात कागद होता. मशीन कोण सांभाळणार त्याचं नाव घालून पाहुण्यानं खाली सही करायची होती. पाहुणा बाईंकडे बोट दाखवून भराभरा बोलू लागला.

"काय म्हणतायत?" मालकांनी साहेबांना विचारलं.

साहेबांची मान सवयीनं डोलायला लागली होती, ती थांबली. "खरं सांगू, सर? मला कळत नाहीये. तीन दिवस काहीच कळलेलं नाही. बाईंना विचारा." असं चारचौघांत कबूल करायला छाती लागते, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

बाईंनी पाहुण्याला पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. आता आली पंचाईत. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं? दुसरी कुणी असती तर लाजून निम्मं गाळलं असतं. बाईंनी एक अक्षर गाळलं नाही.

"ते म्हणतायत, या बाईंसारखं शिकणारं माणूस त्यांना कुठल्याच कारखान्यात भेटलं नाही. मशीन यांच्याच हातात द्या. दुसरं नाव असेल तर सही करणार नाही."

मालकांनी चष्मा वर केला. "हे ते म्हणाले, की तुम्हीच म्हणताय?"

बाई पाहुण्याकडे वळल्या. "यू से, मशीन फॉर मी. अदर नेम, नो साइन. येस?"

"येस!" पाहुणा इतक्या मोठ्यानं ओरडला की ते मालकांनाही समजलं. त्यानं कागद ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि बाईंना नाव विचारलं. बाईंनी स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि पाहुण्यानं ते पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिलं.