मास्तरांच्या औषधाचे मडके

मित्रांनो, मी कल्याणच्या कुंभारवाड्यात घडलेले एक जुने मडके आहे. माझा काठ एका बाजूला उडाला आहे आणि डोंबिवलीतल्या या परसात मी भिंतीला टेकून बसते. पण एके काळी मी स्वयंपाकघरात मानाने राहत होते.

मला घडवले रखमाबाईने. एकोणीसशे एक्कावन्नच्या चैत्रात प्रभाकर मास्तरांच्या पत्नी सुमतीबाई तिच्याकडे आल्या. म्हणाल्या, "पाणी चांगलं गार राहील असं मडकं दे. ह्यांचं औषध ठेवायचंय."

मास्तरांना मधुमेह होता. ते रोज सकाळी इन्शुलिनचे इंजेक्शन घेत. उन्हाळ्यात ते औषध खराब होते. म्हणून माझ्यातल्या पाण्यावर पितळेची वाटी तरंगत असे आणि वाटीत ती छोटी बाटली. माझ्या अंगातून पाणी झिरपे, वारा लागे आणि बाटली गार राही. गुप्ते डॉक्टर मला पाहून म्हणाले होते, "वहिनी, ही युक्ती नामी आहे हं!" त्या दिवशी मी फार सुखावले.

पुढच्या वर्षी एका सकाळी शाळेत तपासणी होती. मास्तरांनी इंजेक्शन घेतले आणि टोपी घातली. भात अजून चुलीवर होता.

"अहो, दोन घास तरी खा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"आल्यावर जेवतो. साहेब येतील इतक्यात," म्हणत ते गेलेसुद्धा.

दोन तासांनी दारात टांगा थांबला. मुख्याध्यापक हरिहरपंत आणि शिपाई दगडू यांनी मास्तरांना धरून आत आणले. ते घामाने भिजले होते आणि काहीबाही बडबडत होते.

"वहिनी, सांगायला लाज वाटते," हरिहरपंत म्हणाले. "दारूबंदीच्या दिवसांत मास्तर पिऊन वर्गात आले! फळ्यावर स्वतःचं नाव लिहिता येईना. पोरं हसत होती, साहेब बघत होते. उद्या राजीनामा पाठवायला सांगा."

सुमतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज ठाम होता. "पंत, आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्या."

पंत वाकले. दारूचा वास मुळीच नव्हता. ते बाजूला सरले.

बाईंनी माझ्यातलेच पाणी घेऊन त्यात मूठभर साखर ढवळली. मास्तरांनी पहिला घोट थुंकून टाकला. बाईंनी त्यांची हनुवटी धरली. "गिळा. माझ्यासाठी गिळा." एक घोट, मग दुसरा. मी जागच्या जागी गार झाले होते, मित्रांनो. पाऊण पेला संपल्यावर थोड्या वेळाने मास्तरांनी इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "सुमती, तपासणी झाली का?"

तेव्हा कुठे बाई रडल्या.

बोलावणे गेले तसे गुप्ते डॉक्टर आले. त्यांनी माझ्या ओल्या अंगावर बोट फिरवून पंतांना दाखवले. "यातून पाणी झिरपतं, पण आत वाटाणा टाकला तर तो झिरपेल का? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंतही अशी निवड करते. पुष्कळ गोष्टी ती अडवते, साखरेला मात्र आत सोडते. मेंदू त्या साखरेवरच चालतो, साठा असा नसतोच त्याच्याकडे. आज इन्शुलिननं रक्तातली साखर उतरवली आणि पोटात अन्न नाही. मग भिंत आत सोडणार काय?"

"म्हणजे साखर चढलेलीच बरी?" पंतांनी विचारले.

"छे! वर्षानुवर्षं चढती राहिली, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीच खराब होतात. दोन्हीकडून सांभाळावं लागतं."

दुसऱ्या दिवशी पंत स्वतः मास्तरांच्या वर्गात गेले. पोरांसमोर म्हणाले, "काल तुम्ही हसलात आणि मीही चुकलो. मास्तर आजारी होते." दगडूने हे घरी येऊन सांगितले, तेव्हा मास्तरांनी उद्यासाठी टोपी झटकून ठेवली.

मी आणखी सहा उन्हाळे काम केले. मग पाण्यातल्या क्षारांनी माझी छिद्रे बुजली. पाणी गार होईना. नवे मडके आले आणि मी परसात आले. त्याचे मला दुःख आहे, पण राग नाही.

मित्रांनो, कुणाची जीभ अडखळली, पाय लटपटले, तर लगेच नावे ठेवू नका. जवळ जा, चौकशी करा. मी फुटले, तर कुंभारवाड्यात दुसरे मडके मिळेल. माणसाची अब्रू तिथे मिळत नाही.