रिकामा चौकोन

पोरगी आठ वर्षांची झाली तरी घरात तिचा एक शब्द ऐकू आला नव्हता. जीभ वळत नव्हती, हात ऐकत नव्हते, उजव्या हाताचं एक बोट तेवढं तिच्या हुकमात. मग शाळेतल्या बाईंनी तिच्या चाकाच्या खुर्चीला एक टॅबलेट बसवून दिला. त्यावर चित्रांचे चौकोन. चौकोनावर बोट टेकवलं की टॅबलेट बोलायचा. ‘पाणी.’ ‘नको.’ ‘आई, ये.’ मग काय विचारता! इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. घरात दिवसभर हुकूम सुटायला लागले आणि बापाने तिचं नाव ठेवलं राणीसरकार.

आई घरीच उशांचे अभ्रे शिवायची. एके दिवशी सरकारांनी ‘दुखतंय’ दाबलं. आई मशीन तशीच टाकून धावली. पोट चाचपलं, कान बघितला, छातीशी धरून हलवलं. सरकार खुदकन हसल्या. आईला पळवायची युक्तीच सापडली की! त्या दिवसापासून ऊठसूट ‘दुखतंय’.

“अगं लबाडे, माझा जीव घेतेस का?” आई म्हणायची, पण उठायची. उठून उठून तिच्या नाकी नऊ आले.

पडद्यावर गर्दी झाली तर नको ते चौकोन लपवायचे कसे, हे बाईंनी आईला शिकवलं होतं. लपवण्याआधी मला विचारा, असंही बजावलं होतं. आईने विचारलं नाही. अभ्र्यांची घाई होती, डोकं तापलेलं. चार दिवस लपवू, खोड मोडली की परत लावू, असं म्हणून तिने ‘दुखतंय’ काढून टाकलं. तिथे पांढरी जागा राहिली.

पोरगी त्या पांढऱ्या जागेवर बोट टेकवत राहिली. टॅबलेट गप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. मधूनच ‘आई, ये’.

“आता कशी जिरली!” आई मशीनवरूनच हसून म्हणाली. खरं सांगायचं तर त्या शांततेत तिला बरं वाटत होतं. पोरीने जेवण तोंडातून बाहेर ढकललं, तेव्हा आईला वाटलं, रुसली. संध्याकाळी कपाळाला हात लागला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अंग चटके बसावेत इतकं तापलं होतं.

दवाखान्यात रातोरात पोट उघडावं लागलं. अपेंडिक्स आत फुटलं होतं.

“दोन दिवस तरी दुखत असणार,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला कळलं कसं नाही?”

“तिला बोलता येत नाही हो,” बाप म्हणाला.

“सांगत होती,” आई म्हणाली.

पोरगी वाचली. शुद्धीवर आली तशी आईने चौकोन परत लावला, टॅबलेट तिच्या बोटाखाली धरला. नर्स जखमेवरची पट्टी सोडवायला लागली. पोरीचं अंग ताठ झालं, डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं.

“दाब ना गं,” आई म्हणाली. “मी इथेच आहे, राणी. एकदा दाब.”

पोरीने चौकोनाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग बोट मुठीत मिटलं आणि पट्टी पूर्ण निघेपर्यंत मूठ उघडली नाही.