फुल्या न घालता

शिवणखात्यात मला सगळ्याजणी दोडकामावशी म्हणतात. सुई बोटात घुसली की बाकीच्या थेट आईबहिणीवर जातात. माझ्या तोंडून 'दोडक्या!' नाहीतर 'मेल्या पडवळा!' एवढंच निघतं. आईने लावलेली सवय. राग काढायचाच तर भाजीवर काढ, म्हणायची.

म्हणूनच साहेबांनी साक्षीला मला बोलावलं. हिच्या तोंडून वाईट शब्द कसला निघतोय, असं त्यांना वाटलं.

झालं होतं असं, की कॉलरच्या मशीनवरच्या पोरीने सुपरवायझरच्या डोक्यात दोऱ्याचं रीळ घातलं. त्याला टेंगूळ आलं आणि हिला कामावरून काढायचं पत्र टाइप झालं. फक्त साहेबांची सही बाकी. सुपरवायझर साहेबांच्या टेबलाशी बसला होता, पोर दाराशी उभी होती. घरात कमावणारी ती एकटीच.

कारकुनाने अहवाल वाचला. सुपरवायझरने रागाच्या भरात काही अपशब्द वापरले, आणि अपशब्दांच्या जागी तीन फुल्या.

"एवढ्यावरून रीळ मारायचं?" साहेब म्हणाले. "बरोबर लिहिलंय ना मावशी? साक्षीदार म्हणून करा सही."

माझं डोकंच फिरलं. सहा महिने ती पोर रोज ऐकत होती, आणि कागदावर काय, तर तीन फुल्या!

"अजिबात बरोबर नाही," मी म्हणाले. "तो काय बोलला ते मी सांगते. लिहा."

आणि सांगितलं. सगळंच्या सगळं, तिच्या आईसकट, एक शब्द न गाळता. कान तापले, जीभ अडखळली, पण थांबले नाही. कारकुनाचं पेन हवेतच राहिलं.

"मावशी, काय ही भाषा!" साहेब ओरडले.

"माझी नाही हो, त्याची! तुम्ही एकदाच ऐकलीत. फुल्या घातल्यात तर माझी सही मिळणार नाही."

कारकुनाने ते तसंच लिहिलं. साहेबांनी कागद सुपरवायझरपुढे सरकवला. "बोललात हे?"

"तसं... गमतीत, साहेब."

"मग वाच की मोठ्याने," मी म्हटलं. "तुला तर पाठ असेल."

तो दुसऱ्याच शब्दाशी अडला. मान वर करेना. पोर मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

साहेबांनी काढून टाकायचं पत्र फाडलं. "जा, मशीनवर बस," ते तिला म्हणाले.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "मावशी, बोलताना कसं वाटलं गं?"

"घाण वाटलं," मी म्हणाले आणि नळावर जाऊन तीनदा चूळ भरली. "पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. सांग त्या दोडक्याला."